होखे वेलुवेची पांढरी सायकल: नोव्हेंबरच्या गारठ्यात, एकट्याने

होखे वेलुवे राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या सायकलींना गिअर नाहीत, कुलूप नाही आणि दिवा असेलच असं धरून चालता येत नाही. तरीही पानगळीच्या शेवटी, थंडीत, एकट्याने दिवसभर फिरायचं असेल तर नेदरलँड्समध्ये याहून सोयीची सायकल मिळणं अवघड आहे. सायकल फार चांगली आहे असं नाही. ती एका फाटकावर उचलून दुसऱ्या फाटकावर सोडून देता येते, हा तिचा खरा गुण आहे. ज्या देशात चढ नसतो पण वारा कायम असतो, तिथे या एका गोष्टीने सगळं गणित बदलतं. ते पुढे सविस्तर येईलच.

आधी व्यवस्था. आर्नहेम, एडे आणि आपलडोर्न या तीन शहरांच्या मध्ये साधारण ५,४०० हेक्टरचं हे कुंपण घातलेलं उद्यान आहे. आंतोन क्रॉलर आणि हेलेन क्रॉलर-म्यूलर या श्रीमंत जोडप्याने १९०९ पासून इथली जमीन विकत घ्यायला सुरुवात केली, आणि १९३५ पासून एक स्वतंत्र प्रतिष्ठान ते सांभाळतं. आत जायला तीन फाटकं आहेत: पश्चिमेला ओटरलो, ईशान्येला हुंडरलो आणि दक्षिणेला स्खार्सबर्खन. आत येण्याचं तिकीट मोठ्या माणसाला साधारण १२ ते १४ युरोच्या घरात पडतं. सायकलीचे वेगळे पैसे नाहीत. सुमारे १,८०० पांढऱ्या सायकली तिन्ही फाटकांवर आणि मधल्या मुख्य ठिकाणी स्टँडला लावलेल्या असतात. नाव लिहायचं नाही, ओळखपत्र ठेवायचं नाही, फोनवर काही उघडायचं नाही. सायकल घ्यायची आणि निघायचं. लहान मुलांच्या सायकली असतात, मागे मूल बसवायची सीट असलेल्याही असतात. पाळायचा नियम एकच: सायकल कुंपणाबाहेर न्यायची नाही.

इथे राहणाऱ्या मराठी मंडळींचा एक घोटाळा नेहमी होतो. म्युझियमकार्ट, म्हणजे डच संग्रहालयांचं वार्षिक कार्ड, जवळ असलं म्हणजे सगळं फुकट, असं समजून लोक फाटकाशी येतात. ते कार्ड आतल्या क्रॉलर-म्यूलर संग्रहालयात चालतं, उद्यानाच्या तिकिटाला चालत नाही. आणि संग्रहालय उद्यानाच्या पोटात असल्यामुळे उद्यानाचं तिकीट काढल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. म्हणजे कार्ड असो वा नसो, फाटकावर पैसे मोजावे लागतात.

कुलूप नसलेली, सगळ्यांची म्हणून रंगवलेली पांढरी सायकल ही कल्पना मूळची ॲमस्टरडॅमची. १९६५ मध्ये प्रोव्हो या प्रस्थापितविरोधी चळवळीतल्या तरुणांनी ती मांडली. भर शहरात ती टिकली नाही. वेलुवेत १९७० च्या दशकापासून ती बिनबोभाट चालू आहे, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे: कुंपण. सायकल आतल्या आतच फिरते. कुणी कुठेही सोडली तरी ती हरवत नाही.

आता वारा. नोव्हेंबरात या भागात दिवसाचं तापमान ९-१० अंशांपर्यंत चढतं आणि पहाटे ३-४ वर येतं. आकाश निरभ्र असेल तर रात्री शून्याखाली जायलाही वेळ लागत नाही, कारण उघडी वाळू आणि माळरान दिवसाची ऊब धरून ठेवत नाहीत. पण हा आकडा फसवा आहे. ४ अंश तापमान असताना हवा अगदी शांत असली तरी ताशी १८ किलोमीटरने सायकल चालवली की अंगाला शून्य अंशाइतकं गार लागतं. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल आणि तुम्ही तोच वेग रेटलात तर ते उणे दीडच्या आसपास जातं. आणि बिनगिअरच्या सायकलवर समोरचा वारा म्हणजे न संपणारा चढ. वजन जड, बसणं ताठ, छाती आणि मांड्या थेट वाऱ्यात. उतरत्या हँडलची रेसिंग सायकल असती तर वाकून बसता आलं असतं. इथे ती सोय नाही.

नेदरलँड्समध्ये बहुतेक वेळा वारा नैर्ऋत्येकडून येतो. उद्यानाचा नकाशा समोर ठेवून पाहिलं की उत्तर मिळतं: दक्षिणेकडच्या स्खार्सबर्खन फाटकातून आत शिरायचं आणि ईशान्येकडच्या हुंडरलोला बाहेर पडायचं. वारा जवळजवळ सगळा वेळ पाठीशी राहतो. आर्नहेमपर्यंत ट्रेन, तिथून स्खार्सबर्खनपर्यंत बस; संध्याकाळी हुंडरलोहून बसने आपलडोर्न आणि तिथून ट्रेनने घर. स्वतःची सायकल असती तर परत फिरून तिथेच यावं लागलं असतं आणि दुपारनंतर, पाय थकलेले असताना, वारा तोंडावर घ्यावा लागला असता. भाड्याच्या सायकलींचंही तेच: जिथून घेतली तिथेच परत द्यायची, नाहीतर दंड. पांढऱ्या सायकलीला हे बंधन नाही. एकट्या माणसाला ही सोय फार मोलाची आहे, कारण गटात असताना पुढच्याच्या आडोशाला राहून वारा चुकवता येतो. एकट्याला आडोसा नसतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. नोव्हेंबरात कधी कधी वारा पूर्वेचा फिरतो. त्या दिवशी आकाश निळंशार, हवा कोरडी आणि थंडी हाडात शिरणारी असते. तेव्हा बेत उलटा करायचा: हुंडरलोहून आत आणि ओटरलोला किंवा स्खार्सबर्खनला बाहेर. उद्यानाला लागूनच डेलनचा विमानतळ आहे आणि तिथे डच हवामान खात्याचं केंद्र आहे. तिथला वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री पाहिला तर कुठल्या फाटकाचं तिकीट काढायचं ते घरूनच ठरवता येतं.

सायकल निवडताना दहा मिनिटं खर्च करा. समोर रांगेने सायकली उभ्या असताना पहिली हाताला लागेल ती ओढणं ही सगळ्यात मोठी चूक. दिवसभर शेकडो लोक वापरतात त्या सायकली, सगळ्या एकसारख्या ठीक नसतात. आधी उंची. सीटवर बसा, पायडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. तो चांगलाच वाकलेला राहिला तर सीट खाली आहे, आणि २५ किलोमीटरनंतर गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागेल. कंबर एका बाजूला घसरत असेल तर सीट वर आहे. सीटच्या दांड्याला हाताने फिरवायचा खटका असेल तर दोन बोटं वरखाली करून बघा. नसेल तर वेळ घालवू नका, पुढची सायकल घ्या. फार उंच माणसाला सगळ्यात मोठ्या फ्रेममध्येही अवघडल्यासारखं होतं. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर माझा सल्ला स्वतःची गिअरची सायकल आत आणण्याचा आहे. त्याला परवानगी आहे.

मग टायर. थंडीत हवेचा दाब आपोआप उतरतो. २० अंशांच्या खोलीत साडेतीन बारपर्यंत भरलेला टायर ५ अंशांत पाव बारच्या आसपास कमी भरतो. आकडा लहान दिसतो, पण आधीच नरम असलेला टायर त्यामुळे एकदम जड चालतो. पंप हातात नसतो, म्हणून अंगठ्याने टायरची बाजू दाबून बघा, पुढची आणि मागची दोन्ही. सहज आत जाते ती सायकल बाजूला ठेवा. मागचा टायर जास्त महत्त्वाचा, बहुतेक वजन त्यावरच येतं. पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. मडगार्डला घासत असेल, डुलत असेल, किंवा चाकाच्या मधोमध असलेल्या हबमधून कर्रकर्र आवाज येत असेल तर नको.

सगळ्यात शेवटी चेन. ती बोटाने वरखाली हलवून पाहता आली तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ढील ठीक आहे. त्याहून जास्त लोंबत असेल, किंवा चार पायडल मारताच आतून खडखड होत असेल, तर ती सायकल घेऊ नका. याचं कारण ब्रेकमध्ये आहे.

हँडलवर ब्रेकची लिव्हर शोधू नका. या सायकलींचा ब्रेक पायात आहे. पायडल उलटं दाबलं की मागच्या हबच्या आतला भाग फुगतो, हबच्या कवचाला आतून घासतो आणि चाक थांबतं. सगळं धातूच्या डब्यात बंद असल्यामुळे पाऊस, चिखल, ओली पानं यांचा ब्रेकवर काही परिणाम होत नाही. रबरी ब्लॉकचे ब्रेक ओल्या रिमवर पहिले दोन-तीन फेरे नुसते घसरतात, तसं इथे होत नाही. नोव्हेंबरसाठी हा ब्रेक खरोखर चांगला. पण तो ताकद चेनमधून घेतो. चेन उतरली की ब्रेक गेला. म्हणून चेनची एवढी चौकशी.

आपल्याकडच्या सायकलींची सवय असलेल्यांना हा ब्रेक पहिली पंधरा मिनिटं धोक्याचा वाटतो, आणि थोडाफार असतोही. सिग्नलला उभं राहताना, वळणावर, नुसता चाळा म्हणून पायडल मागे फिरवायची आपली सवय असते. इथे मागे फिरवलं की ब्रेक लागतो. वळणावर, ओल्या पानांवर, मागचं चाक अचानक अडलं तर सायकल आडवी. म्हणून फाटकातून निघाल्यावर लगेच रिकाम्या सरळ रस्त्यावर आठ-दहा वेळा थांबून बघा. दोन्ही पायडल जमिनीला समांतर असताना ब्रेक सगळ्यात जोरात लागतो, कारण मागच्या पायाला पूर्ण जोर मिळतो. एक पाय वर आणि एक खाली असताना कितीही दाबलं तरी जोर लागत नाही. तेव्हा थांबण्याची शक्यता दिसली की पायडल समांतर धरून घरंगळत जायचं. थांबल्यानंतरही पायडल मागे फिरवून निघायच्या जागी आणता येत नाही. त्यासाठी सायकल हाताने थोडी पुढे ढकलायची, किंवा थांबतानाच जोराचा पाय पुढे-वर येईल असं थांबायचं. दोन तासांत हे अंगवळणी पडतं.

एकच चाक थांबवत असल्याने अंतर जास्त लागतं. ताशी १८ च्या वेगात, धोका दिसून पाय दाबेपर्यंत एक सेकंद जातो आणि त्यात पाच मीटर निघून जातात. कोरड्या रस्त्यावर पुढे आणखी साडेचार-पाच मीटर. ओल्या पानांवर हे दुसरं अंतर सहज दुप्पट होतं. मागचं चाक घसरू लागलं तर पाय आणखी दाबणं ही चूक. पाय सैल करा, चाक फिरू द्या, हँडल सरळ ठेवा, मग पुन्हा हलकं दाबा.

रस्ते चांगले आहेत. आत ४० किलोमीटरहून जास्त सायकलवाटा, बहुतेक पक्क्या आणि सपाट. पानगळीत त्यांच्यावर तीन गोष्टी साचतात आणि तिन्हींचा त्रास वेगळा. बीच झाडाची पानं पातळ, गुळगुळीत, एकावर एक चिकटलेली असतात. ओली असताना त्यांच्यावर वळू नये, वळणाआधीच वेग कमी करावा. ओकची फळं, म्हणजे ती छोटी टणक बोंडं, टायरखाली गोळ्यांसारखी घरंगळतात. पुढचं चाक त्यांवर तिरकं गेलं तर हँडल हातातून निसटतं. आणि वाळू. ओटरलोच्या बाजूला ओटरलोसे झांट नावाचा मोठा उघडा वाळूप्रदेश आहे. जोराच्या वाऱ्यानंतर तिथल्या वाटेवर, विशेषतः वळणाच्या आतल्या बाजूला, वाळूची पातळ साय पसरते. रंग रस्त्यासारखाच, म्हणून उशिरा दिसते. तिथे पायडल न मारता सरळ जायचं.

आता अंगावर काय. गारठ्यात आपण जास्त कपडे घालतो, आणि या सायकलवर तीच चूक महागात पडते. वाऱ्याच्या विरुद्ध एखादा किलोमीटर गेला की घाम फुटतो. मग हरणं बघायला थांबलं की तोच घाम पाच मिनिटांत गार होतो आणि हुडहुडी भरते. नियम असा: फाटकातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत वाजली नाही तर एक थर जास्त झाला आहे. अंगाला चिकटून पातळ लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं बनियन, वर साधा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट किंवा पातळ स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पण हवा थोडी जाऊ देणारं जॅकेट. सुती बनियन घालू नका. घाम शोषून ते तासन्‌तास ओलं राहतं. रबरासारखा पूर्ण बंद रेनकोट फक्त खऱ्या पावसासाठी. मांड्यांवर वारा थेट येतो म्हणून जीन्सच्या आत पातळ लेगिंग्ज घालणं बायकांना आणि पुरुषांना सारखंच उपयोगी. हात आधी बधिर होतात. लोकरीच्या हातमोज्यातून वारा आरपार जातो, म्हणून वर वाराबंद कापडाचे हातमोजे हवेत. पायाला लोकरीचे मोजे, पण बूट घट्ट व्हायला नकोत. बूट आवळला की रक्त थांबतं आणि दोन जोड मोजे असूनही बोटं गारठतात. कानाला पट्टी, गळ्याला मफलर.

पाठीच्या पिशवीत एक कोरडं बनियन ठेवा. मध्ये संग्रहालयात पोचल्यावर बदलायचं. या एका कपड्याचा जेवढा फायदा होतो तेवढा दोन महागड्या जॅकेटांचाही होत नाही. सोबत एक जाडसर थर वेगळा, फक्त संकटासाठी. एकट्याने फिरताना पंक्चर झालं तर काय? इथे दुरुस्ती करत बसायची गरज नाही. सायकल वाटेच्या बाजूला नीट ठेवून पायी निघायचं आणि पुढच्या स्टँडवरून दुसरी घ्यायची. पण स्खार्सबर्खन ते संग्रहालय हा साधारण दहा किलोमीटरचा पट्टा मोकळा आहे. नेमकं मधोमध अडकलात तर कुठल्याही बाजूला तासभर चालावं लागतं. सायकल चालवताना पुरेसे असलेले कपडे चालताना अपुरे पडतात, कारण शरीर तेवढं तापत नाही. तो जादा थर त्या तासासाठी.

सकाळी सीटवर दव किंवा पातळ बर्फ असतं. रुमालाने पुसलं तरी सीट ओली राहते आणि बसल्यावर ओल आत शिरते. आंघोळीची प्लास्टिकची टोपी सीटवर घाला. पावसाळ्यात आपल्याकडे स्कूटरच्या सीटला करतात तोच उपाय. पण सायकल सोडून जाताना ती काढून घ्या, कारण तुम्ही आत कॉफी घेत असताना ती सायकल दुसरं कुणी घेऊन जाऊ शकतं. ते चोरी करत नाहीत. सायकल सगळ्यांची आहे. कॅरियरवर डबा, हँडलला पिशवी, स्टँडवर छत्री असं काहीही ठेवायचं नाही. एकट्याला सामान सांभाळायला मागे कुणी नसतं. सगळं पाठीवर. आवडलेली, नीट जमवून घेतलेली सायकल परत मिळेलच असं नाही, याची मनाची तयारी ठेवा. नोव्हेंबरात मंगळवार-बुधवारी गर्दी नसल्याने बहुधा मिळते, शनिवार-रविवारी नाही.

खाण्याचं सोपं आहे. थंडीत तहान लागल्याचं कळत नाही, तरी दीड तासाला अर्धा लिटर पाणी हवंच. थर्मासात आल्याचा चहा असेल तर उत्तम. पराठ्याचा रोल कडक होतो, त्यापेक्षा गूळ घालून केलेली दुधातली दशमी थंडीतही मऊ राहते आणि हातमोजा न काढता खाता येते. तिळाचे दोन लाडू खिशात. उद्यानाच्या मध्यभागी रेस्टॉरंट आहे, संग्रहालयातही कॅफे आहे. तिथे मिळणारं डच वाटाण्याचं दाट सूप गारठ्यात खावंसं वाटणारं आहे, पण त्यात डुकराचं मांस असतं, हे मागवण्याआधी विचारून घ्या.

वाटेत काय दिसतं? स्खार्सबर्खनहून उत्तरेला निघालं की पाइनच्या रांगा, मग एकदम उघडं माळरान. हेदर या माळरानावरच्या झुडपाचा जांभळा रंग सप्टेंबरमध्येच संपलेला असतो. नोव्हेंबरात ते गडद तपकिरी असतं आणि मधून मधून उंच गवताचे झुपके वाळून तांबूस-पिवळे झालेले असतात. लाल हरणांचा माजाचा हंगाम सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तेव्हा गर्दी होते, ती नोव्हेंबरात ओसरलेली असते. हरणं मात्र असतात, बहुतेक वेळा सकाळी लवकर आणि उन्हं कलल्यावर झाडीच्या कडेला. सायकलचा आवाज कमी, माणूस एकटा, बोलणं नाही. म्हणून जवळून दिसतात. थांबायचं असेल तर पायडल मारणं आधीच बंद करा. ब्रेकचा खट्ट आवाज झाला की कळप मान वर करतो.

लांडग्यांबद्दल विचारणा होते म्हणून थोडं. २०२१ पासून लांडगे कुंपणाच्या आत आहेत, आणि मूफ्लॉन या रानमेंढ्यांची संख्या त्यामुळे खूपच घटली. एकट्या सायकलस्वाराने घाबरून बेत रद्द करायची गरज नाही. लांडगा समोर आला तर पळू नका, वेगाने पायडल मारून सुटायचा प्रयत्न करू नका. उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरा, मोठ्याने बोला, हळूहळू मागे सरका. फोटोसाठी जवळ जाऊ नका. निघताना फाटकावर लावलेल्या सूचना वाचा. एखादी वाट बंद असेल तर ती खरंच बंद असते.

क्रॉलर-म्यूलर संग्रहालय १९३८ मध्ये उघडलं, इमारत हेन्री व्हान दे व्हेल्दची. व्हॅन गॉगचा जगातला दुसरा सगळ्यात मोठा संग्रह इथे आहे, जवळजवळ ९० चित्रं आणि १८० हून अधिक रेखाटनं. रात्रीच्या कॅफेच्या गच्चीचं १८८८ मधलं चित्र याच संग्रहातलं. सोमवारी संग्रहालय बंद असतं. एकट्याच्या फेरीत ते दोन कारणांनी मोलाचं: ऊब आणि कुलूप असलेलं कपाट. जड पिशवी, ओलं बनियन, हातमोजे सगळं कपाटात. दीड तास मोकळ्या हाताने फिरता येतं, अंग पूर्ण गरम होतं, आणि मग उरलेला टप्पा ताजेपणाने होतो. बाहेरच्या शिल्पबागेत मात्र कोरडे कपडे घालून जा.

तिथून उत्तरेला तळ्याकाठी सिंट हुबर्टस हे शिकारीचं घर आहे. बर्लाख या वास्तुकाराने क्रॉलर दांपत्यासाठी ते बांधलं, आराखडा हरणाच्या शिंगांसारखा. आतून बघायचं तर मार्गदर्शकासोबतच. वेळ कमी असेल तर तळ्याच्या पलीकडून बाहेरूनच पाहून पुढे निघणं बरं, कारण नोव्हेंबरात सगळा हिशोब उजेडाचा आहे.

१५ नोव्हेंबरला इथे सूर्य साधारण पावणेआठनंतर उगवतो आणि पावणेपाचच्या सुमारास मावळतो. महिनाअखेरीस साडेचार. उद्यान त्यानंतरही काही वेळ उघडं असतं, पण उघडं असणं आणि दिसणं वेगळं. झाडीतल्या वाटेवर सूर्यास्ताआधीच अर्धा तास अंधारून येतं, आणि पानांखालचे खड्डे, बोंडं, वाळू काही दिसत नाही. साडेतीनला शेवटच्या फाटकाच्या दिशेने तोंड करा. तरी उशीर झालाच तर कपाळाला बांधायचा छोटा दिवा आणि मागे कपड्याला अडकवायचा लाल दिवा जवळ असू द्या. दोन्ही मिळून मूठभर. बॅटरी थंडीत लवकर उतरते म्हणून दिवे आणि फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. फाटकावर कागदी नकाशा मिळतो, तो घ्या. वाटेवर जमिनीलगत भूछत्रासारखे ठेंगणे दिशादर्शक खांब असतात, त्यांवर गावांची नावं आणि अंतरं लिहिलेली. पानगळीत त्यांचे आकडे कधी कधी पानांनी झाकलेले असतात, पायाने बाजूला सारून वाचावे लागतात.

वेगाचा हिशोब साधा ठेवा: पाठीशी वारा असताना ताशी १५-१६, समोर असताना ११-१२. स्खार्सबर्खनहून दहाला निघालात तर माळरान आणि थांबे धरून साडेअकराला संग्रहालय. एक-दीडपर्यंत तिथे. मग सिंट हुबर्टसचा फेरा आणि हुंडरलोपर्यंतचं चार-पाच किलोमीटरचं अंतर. एकूण २५ च्या आसपास. साडेतीनच्या आत सायकल स्टँडला लागते. हे अंतर ज्याला लहान वाटतं त्याने ही सायकल घेऊ नये. ६०-७० किलोमीटर करायचे असतील तर एडेहून स्वतःची सायकल घेऊन या.

एडे-वाखेनिंगेन स्टेशनवर रेल्वेची पिवळी-निळी भाड्याची सायकल मिळते. तिला कुलूप आणि दिवे असतात, ओटरलोपर्यंतचं दहा-अकरा किलोमीटर अंतर तिच्यावरून करता येतं. सूर्यास्तानंतर परतायचं असेल तर तीच घ्यावी. पण ती परत स्टेशनलाच आणावी लागते, म्हणजे जाणं ईशान्येला आणि येणं नैर्ऋत्येला, तेही दिवेलागणीच्या वेळी, समोरच्या वाऱ्यात. दोन्हींची तुलना केली तर कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी पांढरी सायकल सरस. शांत, धुक्याच्या दिवशी रेल्वेची.

हुंडरलोला सायकल लावताना एवढं करा: टायर नरम झाला असेल, चेन सैल लागली असेल तर फाटकावरच्या माणसाला ती सायकल दाखवून सांगा. आणि बसची वेळ आदल्या दिवशीच ९२९२ या बस-ट्रेनच्या वेळा सांगणाऱ्या डच ॲपवर बघून ठेवा. रविवारी आणि संध्याकाळी इथल्या गाड्या विरळ असतात, थांब्यावर आडोसा नसतो, आणि घामेजलेल्या अंगाने तिथे अर्धा तास उभं राहणं ही अख्ख्या दिवसातली सगळ्यात गार वेळ ठरते. तो जादा थर तेव्हा पिशवीतून काढायचा.